शब्दचर्चा : ‘रिकॉईल’, ‘रेंज’, ‘स्टॉपिंग पॉवर’

प्रश्न : जड आयनांच्या (कार्बनसारखे विद्युतभारित अणू वेगाने दुसऱ्या केंद्रकांवर आदळवून होणाऱ्या) अभिक्रियांवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. ‘रिकॉईल’ला प्रतिक्षेप, ‘रेंज’ला पल्ला, ‘स्टॉपिंग पॉवर’ला रोधशक्ती. चालेल?

उत्तर : पल्ला उत्तम, तोफेचा असतो तोच. प्रतिक्षेपाबद्दल शंका आहे. अल्फा कण सुटला की उरलेलं केंद्रक उलट्या दिशेला जातं, तिथे तो शब्द चपखल. संमीलनात, म्हणजे दोन केंद्रकं मिसळून एक होताना, मात्र केंद्रक मागे येत नाही, शलाकेच्या (आदळणाऱ्या आयनांच्या झोताच्या) दिशेनेच पुढे रेटलं जातं. ८० एमईव्हीचं (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) कार्बन-१२ नायोबियम-९३ मध्ये पूर्ण मिसळलं, तर संयुक्त केंद्रकाला ८० × १२/१०५, म्हणजे सुमारे ९.१ एमईव्ही मिळतात. कार्बनचा अल्फाएवढाच तुकडा, म्हणजे तिसरा हिस्सा, तेवढीच ऊर्जा घेऊन मिसळला तर जेमतेम १.१. म्हणून मी ‘रेटलेलं केंद्रक’ म्हणेन. किती रेटलं, हेच तर पल्ल्यावरून, म्हणजे थांबेपर्यंत कापलेल्या अंतरावरून, कळतं.

प्रश्न : आणि पल्ला मोजतात कसा?

उत्तर : लक्ष्याच्या, म्हणजे ज्यावर मारा करायचा त्या पदार्थाच्या, पातळ थरामागे ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पत्र्यांची चळत लावायची. मारा थांबला की एकेक पत्रा जर्मेनियम शोधकासमोर ठेवून त्यात अडकलेल्या किरणोत्सारी केंद्रकांचे गॅमा किरण मोजायचे, उत्पन्नाला त्या पत्र्याच्या जाडीने भागायचं आणि एकूण पार केलेल्या जाडीसमोर आलेख काढायचा. जाडी मायक्रोमीटरमध्ये सांगत नाहीत. चौरस सेंटीमीटरला किती मायक्रोग्रॅम, असं सांगतात. ॲल्युमिनियमचा १ मायक्रोमीटर म्हणजे २७०. पत्र्याची जाडी तपासायला अमेरिशियम-२४१ चे ५.४८६ एमईव्हीचे अल्फा पत्र्यातून सोडतात आणि किती ऊर्जा घटली ते पाहतात.

घोळ होतो तो पत्र्यांतच. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी केंद्रकं पुढच्या पत्र्यात जाऊन बसतात आणि पल्ला उगाच लांबतो. सुरकुती असली तर उलट. लक्ष्य जाड असलं, तर मागच्या कडेला जन्मलेलं केंद्रक पूर्ण जोमाने बाहेर येतं, पुढच्या कडेचं आतच दमतं. आलेखाचं शिखर पसरट होतं.

दुसरं उत्तर : ‘रोधशक्ती’ला माझा विरोध. शाळेतच शिकवतात, शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारं कार्य. इथे मोजतो दर लांबीला गेलेली ऊर्जा, म्हणजे बल. नुसतं ‘रोध’ म्हणा.

पहिलं उत्तर : मान्य. मग ‘न्यूक्लिअर स्टॉपिंग’ला ‘केंद्रकी रोध’ म्हणताना एक खुलासा जोडा, नाहीतर वाचक त्यात केंद्रकीय बल शोधेल. ती निव्वळ विद्युत टक्कर आहे, आख्ख्या अणूची अणूशी. वरचं १.१ एमईव्हीचं केंद्रक प्रकाशाच्या सुमारे ०.५ टक्के वेगाने जातं. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या १/१३७, म्हणजे ०.७३ टक्के, त्याच्याखाली अशा जड केंद्रकाला इलेक्ट्रॉनांच्या रोधाबरोबर हा रोधही चांगलाच जाणवतो. प्रत्येक टकरीत दिशा बदलते, म्हणून सगळी एका ठिकाणी थांबत नाहीत. या ‘स्ट्रॅगलिंग’ला मी ‘पल्ल्याची पांगापांग’ म्हणतो.

प्रश्न : पांगापांग घेतो. ‘रेटलेलं’ शीर्षकात जरा रांगडं वाटतं, पण ठेवतो.