तळ्याला वळसा, चिखलातून : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्या पळणाऱ्यांच्या गटात पुन्हा भंडारदऱ्याचं शिजतंय, म्हणून हा धागा. हायवेवरचे, स्टेडियममधले अनुभव नकोत. एखाद्या तलावाच्या कडेकडेने, ओल्या मातीतून लांबवर पळला असाल, स्पर्धेत किंवा आपलं आपण, तर लिहा. नंबर आलेल्यांनी लिहाच, पण अर्ध्यावरून गाडीत बसून परतलेल्यांनी आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. वय 47, ठाणे. गेल्या जुलैत आम्ही अकरा जणांनी आपसात शर्यत लावली. बिब म्हणजे छातीवरचा नंबर नाही, मेडल नाही, शेवटी येईल त्याने सगळ्यांना जेवण द्यायचं. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. चाळीसच्या वर किलोमीटर भरतात. पाणी कायम उजव्या हाताला, म्हणजे रीतसर प्रदक्षिणा. प्रवरेवरचं हे धरण 1926 सालचं, अकरा टीएमसीचं. एवढं पाणी सतत सोबतीला दिसत राहील असं वाटलं होतं. पहिले तीन तास धुक्यात काही म्हणता काही दिसलं नाही. पाणी होतं ते टोपीच्या कडेवरून गळणारं.

रतनवाडीत अमृतेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि पुढे जमेल तिथे डांबर सोडून पायवाट धरली. इथे माझा मूर्खपणा सुरू झाला. बूट कोरडे ठेवायचे म्हणून मी या दगडावरून त्या दगडावर, या कडेवरून त्या कडेवर उड्या मारत होते. पाच-सहा किलोमीटर हेच. मांड्या भरून आल्या. शेवटी एका ओहोळात आडवी झाले ती कानात चिखल जाईपर्यंत. त्यानंतर मात्र वाट जिथून जाईल तिथून सरळ गेले, आणि खरं सांगते, त्या दिवशी तिथून पुढेच काय ती पळाले. 9 तास 10 मिनिटं लागली. शेवटून दुसरी. शेवटचा कोण ते सांगत नाही, त्यालाच लिहू दे.

* * *

शेवटचा मी. ताईंनी नाव घेतलं नाही, आभार.

माझी फुल मॅरेथॉन 3 तास 31 मिनिटांची आहे. हे फुशारकी म्हणून नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगतोय. रस्त्यावर पळायचे, गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून गेलो. गटातल्या दोघांनी आदल्या रात्री दातेरी तळव्यांचे घे म्हणून सांगितलं होतं, मी हसलो होतो. साम्रदच्या अलीकडे पाय वर आला, बूट आला नाही. चिखलात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होतो, तर म्हशींमागे असलेला दहा-अकरा वर्षांचा पोरगा म्हणाला, "काका, काय हरवलं?" त्यानेच काढून दिला. तळवा अर्धा सुटलेला. पोराने खिशातून सुतळी काढून असा आवळून बांधला की शेंडीपर्यंत ढिला झाला नाही. घड्याळ किलोमीटरला सोळा मिनिटं दाखवत होतं, तेव्हा ते काढून पिशवीत टाकलं.

जेवणाचं बिल विचारू नका. मटण होतं.

* * *

रंकाळा. चिखल नाही, पण शेवटी भेळ आहे. विषयाला सोडून असल्यास उडवा.

* * *

माझं माहेर याच तळ्याकाठचं. गावाचं नाव नको. आता नाशिकला असते. वरचं वाचून हसले आणि थोडा रागही आला, दोन्ही लिहिते.

जुलैत आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी असते. सकाळपासून अंधार पडेपर्यंत वाकून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. त्या चिखलात पाय कसा टाकायचा हे कुणी शिकवत नाही, चालता चालता येतं. पाय सरळ वर ओढायचा नाही. आधी टाच सोडवायची, बोटं खाली ठेवून पाय मागच्या मागे निसटवायचा. सरळ ओढाल तर चिखल धरून ठेवतो, बूट असला तर बूट ठेवून घेतो, दादांचा घेतला तसा. वाटेत पाणी साचलेलं असेल तिथे खाली बहुतेक वेळा खडक लागतो, बिनधास्त पाय द्या. पाणी नाही, पण वरून लोण्यासारखं गुळगुळीत चकाकतंय, तिथे जपा.

आता रागाचं. बांधावरून पळू नका. तुम्हाला ती वाट वाटते, पण तो नुकताच ओली माती लिंपून घातलेला असतो. अकरा जण बूट आपटत गेले की खचतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि कालच लावलेलं भात उघडं पडतं. विचारलंत तर कुणीही खालची वाट दाखवेल.

माझ्या वडिलांनी एकदा असेच रंगीत कपड्यांतले लोक जाताना पाहिले. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात आवणाची जुडी, तसेच उभे राहिले. मग आईला म्हणाले, "यांच्या मागं कोण लागलंय गं?"

* * *

टेक्सासहून लिहितोय. ह्यूस्टनपासून उत्तरेला तासाभरावर हंट्सविल स्टेट पार्क आहे, त्यात लेक रेव्हन. सॅम ह्यूस्टन तरुणपणी चेरोकी लोकांत राहिला, त्यांनी त्याला दिलेलं नाव म्हणजे हा रेव्हन, डोमकावळा. तिथे दर हिवाळ्यात रॉकी रकून नावाची शंभर मैलांची शर्यत होते, वेळ तीस तास. मी गेलो त्या वर्षी वीस मैलांची फेरी पाच वेळा मारायची होती. मी पळणारा नव्हतो, पेसर होतो, म्हणजे मित्राच्या शेवटच्या फेरीत सोबतीला. पळून पळून डोकं चालेनासं झालेल्या माणसाला "खा", "पी", "उजवीकडे" एवढं सांगायचं काम.

दिवसभर पाऊस पडून गेला होता. पाइनच्या जंगलात वाटेवर मुळं पसरलेली असतात, त्यांच्यावर पाइनच्या सुया आणि त्यावर राड. शेकडो पायांनी चार फेऱ्या मळलेली. पहाटे तीनला हेडलॅम्पच्या उजेडात मूळ आणि मुळाची सावली सारखीच दिसते. मित्र सात वेळा पडला, मी पाच. मी ताजातवाना असून, हे नोंदवून ठेवतो. तळ्याकाठी मगरींपासून सावध राहायच्या पाट्या आहेत. पाटी दिसली की मित्र थांबून वाचायचा, तेवढीच विश्रांती म्हणून. चौथ्या पाटीनंतर मी वाचू देणं बंद केलं. त्याने मराठीत शिवी दिली, तेव्हा कळलं की शुद्धीवर आहे. 28 तासांच्या आत संपवली.

आमच्याकडची माती आवणीची नाही, पण टाच आधी सोडवायचं ते माहीत असतं तर माझा घोटा वाचला असता, ताई.

* * *

मी डॉक्टर आहे, पळतेही. उपदेश वाटला तर सोडून द्या.

गुरं-म्हशी वावरतात त्या चिखलात पायाला खरचटलेलं असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाची, भीती असते. जनावरांच्या, उंदरांच्या मूत्रातून त्याचा जंतू पाण्यात येतो आणि जखमेतून आपल्यात. गोम अशी की त्याच्या लक्षणांत तापासोबत पोटऱ्या भयंकर दुखतात, आणि चाळीस किलोमीटर पळालेल्या माणसाला पोटऱ्या दुखण्याचं काय विशेष? एका रुग्णाने चार दिवस बर्फ लावत काढले होते. पळून आल्यावर महिनाभरात ताप आला तर चिखलातून गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. आधी गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारा, धाग्यावर नको.

आणि घाटघरला कोकणकड्याचा वारा असतो, तिथे भिजलेल्या अंगाने फोटोसाठी थांबू नका. पळताना थंडी वाजत नाही, थांबलं की दहा मिनिटांत दात वाजतात.

* * *

धागाकर्ती : माहेरवाशीण ताई, साम्रदजवळ आम्ही बांधावरूनच गेलो होतो. दोन ठिकाणी तरी. सुतळीवाल्या पोराच्या घरचाच असेल कदाचित. यंदा वाट विचारून जाऊ. आवणी आटोपल्यावर आलो तर बरं का? तारीख पुढे ढकलता येईल.

* * *

माहेरवाशीण : आवणी झाल्यावर या. ऑगस्टात तळंही भरलेलं असतं. पोरगा कुणाचा ते मला कळलंय, सुतळी कायम खिशात असते त्याच्या.

* * *

मी धागाकर्तीचा नवरा. पळत नाही. माझ्याकडे गाडी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू, इलेक्ट्रलची पाकिटं आणि कोरडे टॉवेल असा विभाग होता. घाटघरला अडीच तास काचा बंद करून बसलो होतो. वायपर चालू असून समोरचं दिसत नव्हतं. दर वीस मिनिटांनी धुक्यातून कुणीतरी मातीचं माणूस यायचं, काच वाजवायचं, बटाटा घ्यायचं आणि जायचं. बायकोसुद्धा मी आवाजावरून ओळखली. मध्येच एक काळा खेकडा रस्ता ओलांडून गाडीखाली गेला, तो दुसऱ्या बाजूने बाहेर येईना. मग मी पावसात उतरून, वाकून त्याला हुसकत बसलो. तेवढ्यात हे सुतळीवाले साहेब आले आणि मला विचारतात, "काय हरवलं?"

शेंडीला सगळे गाडीत बसले, तसेच. टॉवेल कमी पडले. मागच्या सीटबेल्टच्या खाचेत अजून चिखल आहे, सुकून दगड झालाय, बेल्ट लागत नाही. परवा सर्व्हिसिंगला नेली तर गॅरेजवाला म्हणाला, "शेती आहे का साहेब?"

हो म्हणालो. भाताची.