एकाच वायरीवर फोन आणि संगणक, बाहेर आवाज तुटतो: व्हीलॅन कसं लावायचं?

प्रश्न: अठरा_टेबलं
प्रत्येक टेबलाला एकच लॅन पॉइंट. भिंतीतली वायर आयपी फोनमध्ये, तिथून पीसी पोर्टमधून संगणकाला. दुपारी क्लाउड बॅकअप सुरू झाला की समोरच्याला आमचा आवाज तुटक जातो, आम्हाला त्याचा स्वच्छ येतो. आपसातल्या एक्स्टेन्शनवर त्रास नाही. अपलोड 20 एमबीपीएस, स्विच 24 पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) पीओई (वायरीतूनच फोनला वीज देणारा). नवी वायर न ओढता फोन वेगळे करता येतील?

उत्तर: ट्रंकपोर्ट
येतील. व्हीलॅन म्हणजे त्याच वायरीवरचं वेगळं आभासी नेटवर्क. संगणकांना व्हीलॅन 10, फोनना 20. टेबलांच्या पोर्टवर 10 अनटॅग्ड (पॅकेटवर व्हीलॅनच्या नंबराची चिठ्ठी नाही), 20 टॅग्ड (चिठ्ठीसह), पीव्हीआयडी (बिनचिठ्ठीची पॅकेट ज्या व्हीलॅनमध्ये जातात तो नंबर) 10. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर दोन्ही टॅग्ड. राउटरवर दोन्हींना वेगळा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सेवा), समजा 192.168.10.0/24 आणि 192.168.20.0/24. स्विचवर एलएलडीपी-मेड (स्विच फोनला व्हीलॅन कळवतो ती सोय) चालू केलं की फोन आपला व्हीलॅन स्वतः ओळखतो. ते जमत नसेल तर फोनच्या नेटवर्क मेनूत वॅन पोर्टला (भिंतीकडच्या तोंडाला) 20 हाताने टाका.

फायरवॉलमध्ये 10 मधून 20 कडे जाणं बंद ठेवा. फोनना फक्त टेलिफोन एक्स्चेंज, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि एनटीपी (वेळ जुळवणारी सेवा, यूडीपी 123) पुरतं. एनटीपी हमखास राहून जातं, मग फोनचं घड्याळ चुकतं आणि टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) वापरत असाल तर एक्स्चेंजवरचं रजिस्ट्रेशनही अडतं. संगणकावर सॉफ्टफोन (फोनचं अ‍ॅप) असेल तर तो 10 मध्येच राहणार, त्याला एक्स्चेंजपर्यंत वेगळी वाट द्या.

ज्या पोर्टवरून तुम्ही स्विचमध्ये लॉगिन आहात, तो सगळ्यात शेवटी बदला, नाहीतर मध्येच बाहेर फेकले जाल.

उत्तर: रांगेतलं_पॅकेट
वरचं सगळं करा, पण तुमचा आवाज त्याने सुधारणार नाही. एक्स्टेन्शन स्वच्छ आहेत, म्हणजे लॅन ठीक आहे. तुटतो तो फक्त जाणारा आवाज, म्हणजे पॅकेट अपलोडच्या रांगेत अडकतात. दोन व्हीलॅन राउटरवर येऊन पुन्हा त्याच एका लाइनीत शिरतात.

राउटरवर अपलोड 18 एमबीपीएसला शेप करा, म्हणजे लाइनीच्या वेगाच्या थोडं खाली बांधा. रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागली, तरच पुढे कोणाला सोडायचं हे तुमच्या हातात येतं. मग व्हीलॅन 20 मधल्या डीएससीपी 46 (पॅकेटवरची आवाजाची अग्रक्रम-खूण) असलेल्या पॅकेटना पहिला नंबर द्या. जी.711 (आवाजाचं नेहमीचं कोडेक) चा एक कॉल इथरनेटवर एका दिशेला साधारण 87 केबीपीएस खातो. अठराही फोन एकदम बोलले तरी 1.6 एमबीपीएसच्या आत, तेव्हा 2 एमबीपीएस राखून ठेवले की भागतं. बॅकअपला उरलेलं मिळेल.

राउटरचं एसआयपी एएलजीही (कॉलच्या संदेशांत स्वतःहून फेरफार करणारी सोय) बंद करा. कॉल बरोबर 32 सेकंदांनी तुटत असेल, तर पहिला संशय त्याच्यावरच घ्या.

अठरा_टेबलं
शेपिंगनंतर बॅकअप चालू असतानाही आवाज स्वच्छ जातोय, आभार. आता एका टेबलावर संगणकालाच 192.168.20 चा पत्ता मिळतोय, आणि दुसऱ्या टेबलावर फोनला 10 चा.

ट्रंकपोर्ट
पहिल्या टेबलाच्या फोनमध्ये पीसी पोर्टलाही 20 टाकलेलं असेल, ते काढा. नसेल तर स्विचच्या त्या पोर्टचं पीव्हीआयडी 20 झालंय.

दुसऱ्या टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच लावलाय का, वाकून बघा. एलएलडीपी त्यातून पुढे जाईलच असं नाही, आणि काही साधे स्विच टॅगही गिळतात. तो काढून फोन थेट भिंतीला जोडा आणि रीस्टार्ट करा. टेबलांच्या सगळ्या पोर्टवर लूप प्रोटेक्शनही (पॅकेट गोल फिरत राहू न देणारी सोय) चालू करा: साफसफाईत फोनची दोन्ही तोंडं भिंतीत खोचली गेली तर अख्खं नेटवर्क बसतं.