समुद्राकाठच्या परमिट रूमला ग्रामसभेने ना-हरकत द्यावी का?

खारावारा
आमचं गाव मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्याला लागून. गावातल्याच एकाने (नात्यातला आहे, आधीच सांगतो, उगाच नंतर कोणी शोधून काढायला नको) खानावळीच्या बाजूला बार काढायचं ठरवलंय, एफएल-३ साठी (म्हणजे परमिट रूमचं लायसन्स) अर्ज करतोय आणि आता ग्रामसभेत ना-हरकतीचा विषय येणार. माझं मत, द्यावी. दारू आत्ता पण मिळतेच आहे. होमस्टेवाला फोन करतो, अर्ध्या तासात गोव्याची बाटली दारात, ना बिल ना वेळ ना वयाची चौकशी. त्यापेक्षा एक जागा असू दे जिथे लायसन्स भिंतीवर लावलेलं आहे, बंद करायची वेळ ठरलेली आहे आणि काही झालं तर कोणाला धरायचं ते माहीत आहे. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणे, २०२१ ला चिपीला विमान पण उतरलं, आणि आम्ही अजून पाहुण्याला सोलकढी पाजून झोपायला पाठवतोय. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं संस्कृती संस्कृती नको.

वाडीतली
कारण सांगते. पाहुणा दोन दिवस पिऊन जातो, बार बारा महिने राहतो. जून ते सप्टेंबर पर्यटक नसतो, होड्या बंद, हाताला काम नाही, तेव्हा त्या बारमध्ये कोण बसणार? आपलेच ना. तुझ्या नातेवाईकाचा पावसाळ्याचा धंदा आमच्या घरातनं होणार आहे आणि ते कुठल्याच अर्जात लिहिलेलं नसतं.

खारावारा
ते आत्ता पण पितात गं ताई, फक्त लपून. आणि गावाला खरंच नकोसं झालं तर आडवी बाटली आहेच की, बायकांनी मतदान करून बंद पाडता येतं.

वाडीतली
आडवी बाटली भाषणात बरी वाटते. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि त्यात यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात, आलेल्यांच्या निम्मी नाही. आता आपल्या गावची यादी काढून बघ. अर्ध्या बायका मुंबईत, कोणी परळला कोणी विरारला, नावं इथेच. चाकरमानी गणपतीला येतात, बाटली आडवी करायला सुट्टी टाकून कोण येणार? म्हणजे न आलेलं प्रत्येक मत बारवाल्याच्या खिशात. एकदा उघडला की बंद होत नाही, म्हणून आत्ताच नको म्हणतेय.

माडाखालचो
झिला, परमिट रूम नको म्हणतत तेंच्याच पडवीत गोव्याची पेटी आसता. इन्सुलीच्या नाक्यार गाडी पकडली म्हणान पेपरात फोटो येता, पन जी सुटता ती खय जाता ता कोण इचारता? माका बार होयो असा नाय, पन ह्या नाटक बंद करा.

जुना_परमिटवाला
मी रत्नागिरीकडे बरीच वर्षं बार चालवला, आता मुलाकडे दिलाय. तुम्ही ना-हरकतीवर भांडताय पण अर्ज तिथपर्यंत टिकतो का ते आधी बघा. जागा एनए (बिगरशेती) आहे का, बांधकामाची परवानगी आहे का, खानावळीचं फूड लायसन्स, सातबारावर बाकी हिस्सेदारांची नावं (कोकणात एका गुंठ्याला अकरा काका, सगळ्यांच्या सह्या आणा), पोलिसांचा दाखला. मग उत्पादन शुल्कचा इन्स्पेक्टर येऊन जागा मोजणार, शाळा आणि देवळापासूनचं ७५ मीटर अंतर बघणार, आणि आपल्याकडे दर वळणावर एक घुमटी असते. खरी गंमत तर पुढे. समुद्राच्या बाजूने सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, दाट वस्तीच्या गावांना २०१९ च्या नियमात ५० मीटर पण त्यासाठी मंजूर आराखडा लागतो. दुसऱ्या बाजूने रस्ता. रेवस-रेड्डी हा राज्यमार्ग, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१६-१७ च्या निकालाप्रमाणे महामार्गापासून ५०० मीटर, २० हजारांच्या आतल्या वस्तीला २२० मीटर. २०१८ ला कोर्टाने गावांच्या बाबतीत सरकारवर सोपवलं म्हणून थोडी वाट आहे, नाहीतर देवबागसारख्या पट्टीवर एकीकडे कर्ली नदी दुसरीकडे दर्या, तिथे परमिट रूम काय हवेत बांधणार? एवढं करून लायसन्स मिळालं तरी ३१ मार्चला संपतं, परत फी. २०२५ ला फी १५ टक्क्यांनी वाढली, व्हॅट आधीच ५ टक्क्यांचा १० झालेला, वर ड्युटी, म्हणून तर १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले होते. सीझन पाच महिन्यांचा आणि फी बारा महिन्यांची, गणित मांडून मगच उडी मार म्हणावं त्याला.

कासवाची_वाट
काका बरोबर बोलले पण एक राहिलं. आमच्याकडे वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं येतात, तुमच्या किनाऱ्यावर पण थोडीफार घरटी होतात. अंडी घालायचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका तुमचा सीझन. पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि जिकडे उजेड तिकडे चालतात. बारचे फोकस वाळूवर मारलेत की पिल्लं पाण्याकडे जायची सोडून बारकडे येणार. हे ७५ मीटरच्या टेपने मोजलं जात नाही.

सदाशिव_पेठी_पाहुणा
आम्ही दरवर्षी तारकर्लीला येतो ते शांततेसाठीच, बार पाहिजे असता तर गोव्यालाच गेलो असतो ना. पण खरं सांगायचं तर ग्रुपमधले निम्मे लोक येताना डिकीत घेऊनच येतात.

खारावारा
झालं, म्हणजे दारू पुण्याची, बाटल्या आमच्या वाळूत, आणि पैसे कोणालाच नाहीत.

पलीकडचो_गोंयकार
लायसन्स म्हणजे शिस्त असं समजणाऱ्यांनी कळंगुट-बागाला एकदा डिसेंबरात येऊन जा. आमच्याकडे परवान्यांचा दुष्काळ नाही, तरी डिसेंबर २०२५ ला हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली. कागद देणारे भरपूर असतात, नंतर येऊन तपासणारा कोण ते विचारा. तुमच्याकडे तर कायद्याने पिणाऱ्याकडे पण परमिट लागतं, एक दिवसाचं पाच रुपयांचं, हार्ड लिकरला वय २५, बियरला २१. कुठल्या बारमध्ये कोणी विचारलंय आजवर?

खारावारा
हा मुद्दा पटला. मग असं करूया का, ठरावातच अटी घालू. फोकस वाळूवर नाही, गाणी दहाला बंद, बाटल्या गोळा करायची जबाबदारी मालकाची, कामाला गावातली पोरं, आणि लायसन्स बाहेरच्या पार्टनरला चालवायला द्यायचं नाही. हे मान्य असेल तर ना-हरकत, नाहीतर नाही.

जुना_परमिटवाला
लायसन्स कलेक्टर ऑफिसातून मिळणार, त्यावर त्यांच्याच अटी असतात. ठरावातल्या तुमच्या अटी मोडल्या म्हणून लायसन्स जाईल अशा भरवशावर राहू नका. घालायच्याच तर मालकाकडून आधी स्टँपपेपरवर लिहून घ्या, एक प्रत पंचायतीत ठेवा. बाहेरच्या पार्टनरचं मात्र अवघड आहे, नाव एकाचं आणि गल्ल्यावर दुसरा हे आमच्या धंद्यात काही नवीन नाही.

वाडीतली
स्टँपपेपर घ्या नाहीतर तांब्याचा पत्रा, माझं मत नाहीच. पण एक विचारते, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. तिची नोटीस निघाली का? ग्रामसेवकांना विचारून सांग, आणि ती दुपारी ठेवू नका, दुपारी मासळीवाल्या बाजारात असतात.