आयर्लंडातले तळ्याकाठचे जुने वाडे, एका दिवसात कुठला बघावा?

टिळकवाडीकर: लेक डब्लिनला असते, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. जमीनदारांचे जुने वाडे आणि शेजारची खेडी बघायचीत, एकच दिवस हाय, रेल्वेनं होतंय काय?

खानापूरचा: होतंय की काका. रेल्वेनं मलिंगार, तिथनं टॅक्सी करून बेल्वेडिअर हाऊस, १७४० चं, लॉक एनेल तळ्याच्या काठावरच. बागेत एक उंच भिंत हाय, मुद्दाम पडकी बांधलेली, भावाचं घर दिसू नये म्हणून! ह्याच मालकानं बायकोला ३१ वर्षं दुसऱ्या घरात कोंडून ठेवलेलं, ते वाचल्यावर बाग बघायला मनच लागेना.

निपाणीची अक्का: मी म्हणेन त्याच लाईनीवर पुढं लाँगफर्डला उतरा आणि गाडीनं स्ट्रोक्सटाऊनला जा. वाड्याच्या फाटकासमोर गावाचा हा एवढा रुंद रस्ता, आणि आत दुष्काळाचं म्युझियम. बटाट्यावर करपा पडला, कुळांचा खंड (जमिनीचं भाडं) थकला, आणि १८४७ मध्ये ह्या इस्टेटीवरची १,४९० माणसं डब्लिनपर्यंत चालत नेऊन पुढं कॅनडाला धाडली, वाटेत किती मेली. आमच्या शेतात करपा आलता तवा दोन दिवसात पाला काळा पडून वास सुटलेला, तो वास मला तिथं आठवला.

टिळकवाडीकर: अक्का, स्ट्रोक्सटाऊन नक्की. आमचे वडील पण कूळच होते.