पेव्हर ब्लॉक आणि मुरणारं पाणी

सोसायटीच्या आवारात काँक्रीट काढून पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी मुरतं, असा समज असतो. तसं आपोआप होत नाही. ठेकेदार बरेचदा ब्लॉकखाली पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) ओततात आणि सांध्यांत क्रश सँडची भुकटी झाडतात. दोन पावसांत सांधे लिंपले जातात आणि पाणी गेटबाहेर रस्त्यावर.

मुरवायचंच असेल तर पीसीसी नको. खाली वीसेक सेंटिमीटर ४० मिमी धुतलेली खडी, वर ५ सेंमी बारीक कच (अगदी लहान खडी), सांध्यांतही कचच. माती आणि खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) घाला, नाहीतर माती वर येऊन पोकळ्या बुजतात. अग्निशमन गाडीच्या वाटेवर मात्र हा प्रयोग नको, खचेल.

त्याआधी मीटरभर खड्डा खणून रात्री पाण्याने भरा. पुण्यात खाली काळा पाषाण, त्यात पाणी सहज मुरत नाही. मुरूम लागला तर उत्तम, पण सकाळी पाणी तसंच दिसलं तर ब्लॉकवर पैसे घालू नका. छताचं पाणी टाकीत घ्या. ५०० चौरस मीटर गच्चीवर १० मिमी पाऊस म्हणजे ५,००० लिटर. फक्त पहिली सर सोडून द्यायची, कबुतरांची कृपा असते तिच्यात.