शवपेटीवरचे डोळे आणि पंख: श्रद्धा की श्रीमंतीचा दिखावा?

रानवारा: प्राचीन इजिप्तच्या शवपेट्यांवरचे डोळे, पसरलेले पंख, देवता म्हणजे श्रीमंतांची सजावट, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. मला ते अजिबात पटत नाही; ती मृताच्या संरक्षणासाठी होती. मिरवायचं असेल तर ते दिसायला नको? १९२५ साली तुतनखामुन या राजाची ममी उलगडली तेव्हा १४३ वस्तू निघाल्या, त्यातले कितीतरी ताईत पट्ट्यांच्या थरांत दडलेले. मध्य राज्यकाळाच्या (इजिप्तच्या इतिहासातला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा कालखंड) अखेरीस तर काही थडग्यांत चित्रलिपीतले पक्षी बिनपायांचे काढलेत, साप तोडलेले. चित्र जिवंत होऊन मृताला इजा करेल ही भीती नसती, तर कोणी अक्षरं मोडून लिहिली असती का?

खडीसाखर: अर्धीच बाजू मांडलीत. नवव्या रामसेस राजाच्या काळात अमुनपनुफेर नावाच्या पाथरवटाने कबुली दिली: साथीदारांसह राजा सोबेकेमसाफ आणि त्याच्या राणीच्या ममींवरचं सोनं, ताईत ओरबाडले, शवपेट्या पेटवून दिल्या. हा कोणी परका लुटारू नव्हता. त्याला शवपेटीवरच्या त्या डोळ्यांचा धाक का वाटला नाही? शिवाय ‘मृतांच्या ग्रंथा’च्या, म्हणजे मृताबरोबर ठेवायच्या मंत्रसंग्रहाच्या, कित्येक गुंडाळ्या आधीच लिहून ठेवलेल्या असत, गिऱ्हाइकाच्या नावाची जागा कोरी. धंदाच होता तो! आणि चटईत गुंडाळून वाळूत पुरलेल्या गरिबाला कुठली देवता?

रानवारा: देवळातली दानपेटी फोडणारे आपल्याकडेही आहेत, म्हणून भक्तांची भक्ती खोटी ठरते का? निळ्या झिलईचे साधे ताईत सामान्यांच्या थडग्यांतही सापडतात. आणि तुतनखामुनच्या शरीरातून काढलेल्या अवयवांची सोन्याने मढवलेली पेटी बघा. इसिस, नेफ्थिस, नैथ, सेल्केत या देवी चार बाजूंना हात पसरून उभ्या आहेत, अंग पेटीकडे, पाठ आपल्याकडे. हा दिखावा?

मावळती: दोघंही बाहेरच्या संकटाबद्दलच बोलताय. ममीच्या छातीवरच्या भुंगेऱ्याच्या आकाराच्या ताइतावर काय कोरलंय? ‘हे हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.’ मृत्यूनंतरच्या न्यायनिवाड्यात मात या सत्याच्या देवीच्या पिसाशी हृदय तोललं जाणार, तेव्हा स्वतःच्याच हृदयापासून संरक्षण! श्रद्धा खरी होती, यात मला शंका नाही. पण साक्षीदाराचं तोंड बंद करणारी ही श्रद्धा मला खटकते.

खडीसाखर: हेच म्हणतोय. ज्याला परवडेल त्याचं हृदय गप्प.

रानवारा: नाही पटत. गप्प बसवण्याची खात्री असती तर विनवणी कशाला केली असती? आज्ञा दिली असती.