पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बाकी कागदपत्रं नव्या नावाची: परदेशी जाताना काय करावं?

प्रश्न: व्हिसाही माहेरच्याच नावाचा आहे. तिकीट कोणत्या नावाने काढायचं? आधी पासपोर्ट बदलून घेऊ का?

उत्तर १: तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने. फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. विमानतळावरचं यंत्र त्या वाचतं. वरच्या ओळीत देशाच्या कोडनंतर आडनाव, मग << ही खूण, मग स्वतःचं नाव. त्यातलं आडनाव आणि नाव जसंच्या तसं भरा. खरा घोटाळा होतो तो विमान कंपनीच्या जुन्या खात्यामुळे: तिथे नवं नाव असेल तर तेच आपोआप तिकिटावर उतरतं. पैसे भरण्याआधी ती चौकट पुन्हा वाचा.

उत्तर २: प्रवास तोंडावर असेल तर पासपोर्ट आत्ता बदलायला टाकू नका, ताई. नव्या पासपोर्टाला नवा क्रमांक मिळतो. ऑनलाइन प्रवास परवाना क्रमांकालाच बांधलेला असतो, म्हणजे तो नव्याने काढणं आलं. पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे, म्हणून दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या.

उत्तर ३: विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. तिथे राहण्याचा परवाना काढायचा असेल तर त्यावर १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टील (म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी दाखला) आणि अधिकृत अनुवाद लागू शकतो. मात्र प्रमाणपत्र दाखवून चुकीच्या नावाचं तिकीट चालून जाईल, या भरवशावर अजिबात राहू नका.